गाणे कुणाचे, खटला कुणावर? : प्रस्तावना

८ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्यांनी एकाच दिवशी २६१ जणांवर दावे दाखल केले. या लोकांनी ना नकली सीडीचा कारखाना काढला होता, ना रस्त्यावर कॅसेटी विकल्या होत्या. आपल्या संगणकावरची गाणी इंटरनेटवरून अनोळखी लोकांना घेऊ दिली, एवढाच त्यांच्यावरचा आरोप. त्यांत न्यूयॉर्कमधली बारा वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. २,००० डॉलर भरून तिचे प्रकरण मिटवावे लागले. पुढच्या पाच वर्षांत अशा दाव्यांची संख्या तीस हजारांवर गेली. बहुतेकांनी काही हजार डॉलर देऊन तडजोड केली, कारण लढायचे तर वकिलाची फीच त्याहून जास्त झाली असती. २००८ च्या अखेरीस कंपन्यांनी ही मोहीम आवरती घेतली.

त्याच सुमारास आणि नंतरची काही वर्षे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या बाजारपेठांत मोबाइल रिचार्जच्या दुकानांतून गाणी ‘भरून’ मिळत. गिऱ्हाईक फोनमधले मेमरी कार्ड काढून देई, दुकानदार ते रीडरला लावी आणि संगणकावरचे फोल्डर उघडी : नवीन मराठी, जुने हिंदी, भीमगीते, गणपती, खंजिरी भजने, डीजे. दोन जीबीच्या कार्डात चार-पाचशे गाणी सहज मावत. कार्ड फोनमध्ये परत गेले की तीच गाणी ब्लूटूथने वर्गात, एसटीत, शेताच्या बांधावर पुढे सरकत. ही देवघेव काही लपून चालत नव्हती; दुकानाबाहेर पाटी असे. तरीही ऐकणाऱ्यांवर सरसकट दावे लावण्याची मोहीम भारतात कधी निघाली नाही.

का निघाली नाही? या प्रश्नाच्या पोटात एक अख्खे अभ्यासक्षेत्र आहे. कायदा, संगीत, अर्थशास्त्र, तंत्रज्ञान आणि लोकसंस्कृती अशा पाच वाटा तिथे एकत्र येतात. मराठीत या विषयावर बोलणे बहुधा ‘ही चोरीच’ आणि ‘गाणे सगळ्यांचे’ या दोन टोकांवर सुरू होते आणि तिथेच संपते. या पुस्तकाचे म्हणणे निराळे आहे. खटला कुणावर भरला जाईल, हे अपराध किती मोठा यावर ठरत नाही. कायद्यात भरपाई कशी मोजतात, पैसा कुणाच्या खिशात सापडतो आणि प्रतिवादीचे नाव-पत्ता कुणाच्या हाती आहे, या तीन गोष्टींवर ते ठरते. हे एकदा ध्यानात आले, की अमेरिकेतली मुलगी आणि हिंगणघाटचा दुकानदार एकाच नकाशावर दिसू लागतात.

पहिली गोष्ट भरपाईची. अमेरिकेच्या कायद्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही भरपाई मागता येते. एका कृतीमागे साधारणपणे किमान ७५० डॉलर आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कमाल दीड लाख डॉलर. मधला आकडा ज्यूरीने ठरवायचा. याचे काय होते, ते मिनेसोटातल्या एका महिलेच्या खटल्यात दिसले. प्रश्न अवघ्या २४ गाण्यांचा होता. ऑक्टोबर २००७ मध्ये पहिल्या ज्यूरीने २,२२,००० डॉलर ठरवले. फेरसुनावणीत, जून २००९ मध्ये, दुसऱ्या ज्यूरीने १९,२०,००० डॉलर ठरवले, म्हणजे गाण्यामागे ८०,०००. न्यायाधीशांनी ही रक्कम ५४,००० वर आणली. तिसऱ्या ज्यूरीने २०१० मध्ये ती पुन्हा १५ लाखांवर नेली. शेवटी २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पहिला, २,२२,००० डॉलरचा आकडा कायम केला. गाणी तीच, प्रतिवादी तीच, पुरावाही जवळपास तोच. बदलत गेला तो फक्त आकडा. हा टांगता आकडा समोर असला की तडजोडीची तीन-चार हजार डॉलरची पावती कुणालाही स्वस्तच वाटणार. मोहिमेचे अर्थकारण या एका तरतुदीवर उभे होते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असे दरपत्रक नाही. कलम ५५ प्रमाणे मनाईहुकूम मिळतो, नुकसानभरपाई मागता येते, प्रतिवादीने कमावलेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. पण भरपाई हवी तर नुकसान दाखवावे लागते. कार्डात भरलेल्या एका गाण्यामागे कंपनीचे नेमके किती बुडाले, हे वर्धेच्या न्यायालयात सिद्ध करायला जो खर्च येईल, त्याच्या पासंगालाही ती भरपाई पुरणार नाही. ऐकणारा वाचला तो कुणाच्या दयेमुळे नव्हे. त्याच्यावर दावा लावणे परवडणारे नव्हते.

याचा अर्थ आपला कायदा मवाळ आहे, असे मात्र कुणी समजू नये. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी केले नसेल तर शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण त्यासाठी खास कारणे नोंदवावी लागतात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. अमेरिकेत कंपनीचा वकील पत्र पाठवी. आपल्याकडे पोलिसांची धाड पडते. धाड दुकानावर पडते, कारण दुकानाला पत्ता असतो आणि संगणकाची हार्ड डिस्क जप्त करता येते.

हाच तर्क पुढे दुकानाकडून वेबसाइटकडे गेला. २०१० मध्ये टी-सीरीज या संगीत कंपनीच्या तक्रारीवरून बंगळुरू पोलिसांनी गुरुजी डॉट कॉम या भारतीय सर्च इंजिनच्या अधिकाऱ्यांना अटक केली. टी-सीरीजच्याच मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्धच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी २०११ मध्ये टी-सीरीजच्या बाजूने कौल दिला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने तो फिरवला. लोकांनी चढवलेल्या लाखो गाण्यांपैकी नेमके कोणते बेकायदा, हे नेमकेपणाने कळवल्याशिवाय मंचाला जबाबदार धरता येणार नाही, असे खंडपीठाने ठरवले. मध्यंतरी, २०१२ मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशांवरून इंटरनेट कंपन्यांना १०४ संगीत संकेतस्थळे बंद करावी लागली. ऐकणाऱ्याला यातले काही कळले नाही. काल उघडणारे पान आज उघडेना, एवढेच.

या प्रवासात मुंबई उच्च न्यायालयाचा एक आदेश विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या निमित्ताने संकेतस्थळे बंद करण्याची मागणी आली. बंद पानावर इंटरनेट कंपन्या जी सूचना दाखवत, तिच्यात तो मजकूर पाहणे हाही गुन्हा असल्याचे म्हटले होते आणि तीन वर्षे कैद व तीन लाखांपर्यंत दंडाची धमकी होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या शब्दांवर बोट ठेवले. कलम ५१ मध्ये उल्लंघन म्हणजे काय, हे दिले आहे : विकणे, भाड्याने देणे, व्यापारासाठी किंवा मालकाला बाधा येईल इतक्या प्रमाणावर वाटणे, जाहीर प्रदर्शन करणे. नुसते पाहणे त्यात बसत नाही. सूचनेचा मजकूर बदलण्याचा आदेश झाला. घाबरवण्याची भाषा आणि कायद्याची भाषा यांत किती अंतर असू शकते, याचा हा उत्तम धडा आहे. गाणी पुढे पाठवणाऱ्याचे स्थान मात्र पाहणाऱ्याहून वेगळे आहे. ‘बाधा येईल इतके प्रमाण’ म्हणजे किती, यावर वाद घालायला पुष्कळ जागा आहे, आणि या क्षेत्रातला सर्वांत सुपीक वाद बहुधा तोच.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि पैसा कुणाच्या खिशात जातो हे मालकीवर ठरते. ‘गाण्याचा मालक’ असा एकच कुणी नसतो. ‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये ते घराघरांत गेले. गीतकार गदिमा १९७७ मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा नियम लावला तर शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत राहतो. संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये गेले. चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे मोजायची ती प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून, म्हणून जुनी मुद्रणे शब्द आणि चाल यांच्या कितीतरी आधी मोकळी होतात. गायक-वादकांचा हक्क आणखी निराळा, पन्नास वर्षांचा. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेली तबकडी आज मोकळी असली, तरी तिच्यातले काव्य आणि चाल मोकळी असेलच असे नाही. संग्राहकाने ती डिजिटल करून सर्वांना दिली तर तो काय करतो आहे? एका थराचे जतन आणि दुसऱ्या थराचे उल्लंघन, दोन्ही एकाच वेळी.

या थरांत कलावंत कुठे बसतो, हेही पाहायला हवे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चित्रपटासाठी पैसे घेऊन लिहिलेल्या-रचलेल्या गाण्यावर गीतकार-संगीतकारापेक्षा निर्मात्याचा अधिकार प्रबळ मानला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर मोठा पाठपुरावा केला. म्हणजे पस्तीस वर्षे ‘कलावंताच्या हक्कासाठी’ म्हणून जे खटले लढले गेले, त्यांतले पुष्कळसे पैसे कलावंतापर्यंत पोहोचण्याची कायद्यात पक्की सोयच नव्हती. कंपन्यांचा इतिहासही एकरंगी नाही. १९८० च्या दशकात टी-सीरीज वाढली ती स्वस्त कॅसेटी आणि जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्यांवर. जुनी ग्रामोफोन कंपनी तेव्हा तिच्याविरुद्ध न्यायालयात जात होती. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात हा काळ बारकाईने आला आहे. कालचा प्रतिवादी आज वादी होतो, ही या क्षेत्रातली नित्याची बाब आहे.

तिसरी गोष्ट पत्त्याची. प्रतिवादीचा पत्ता हाती आला, तरी दावा कुठल्या न्यायालयात लावायचा हा प्रश्न उरतो. कलम ६२ प्रमाणे वादीला आपल्या राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या न्यायालयात दावा लावता येतो. वर्धेच्या माणसाला साडेसातशे किलोमीटरवरच्या मुंबईत उभे राहावे लागू शकते. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांसंबंधीचा एक दावा मुंबईत मुख्यालय असलेल्या, गीत-संगीताची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेने दिल्लीत लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले, की मुख्यालय आणि वादाचे कारण दोन्ही मुंबईत असताना दिल्ली गाठता येणार नाही. कलम ६२ ची ही सवलत लेखक-कलावंताच्या सोयीसाठी आहे, समोरच्याला दमवण्यासाठी नाही, हा त्यामागचा विचार.

आज हा सगळा वाद मेमरी कार्डावरून उठून मंगल कार्यालयात आला आहे. गाणी आता स्ट्रीमिंगवर मिळतात. एप्रिल २०१९ मध्ये टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक ही स्ट्रीमिंग सेवा या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओसाठीचा वैधानिक परवाना इंटरनेट सेवांना लागू नाही असे ठरवले आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केले. ऐकणाऱ्याकडून वसुलीचा प्रश्न त्यामुळे बहुतांशी वर्गणीत मिटला. उरला तो जाहीर वादनाचा. कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातले वादन उल्लंघन नाही असे म्हटले आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व विवाहाशी निगडित सामाजिक समारंभ येतात. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने याची आठवण देणारी जाहीर सूचना काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये तशा अर्थाचे परिपत्रक काढले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले, कारण कायद्याचा अर्थ लावून त्याची व्याप्ती ठरवणे हे परिपत्रकाचे काम नव्हे. हळदीचा डीजे धार्मिक समारंभात मोडतो की नाही, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावर राहिला आहे. वर्धेचा डीजेवाला आणि कार्यालयाचा व्यवस्थापक यांना या निकालांची झळ रोज लागते. त्यांच्याकडून या क्षेत्राने शिकायला हवे.

हा अभ्यास वर्धेहून का, असे कुणी विचारील. उत्तर या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. ‘हिंद स्वराज’च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर गांधीजींनी हक्क राखून ठेवलेले नाहीत असे छापले होते. आपले लेखन कुणीही छापावे, ही त्यांची त्या वेळची भूमिका. पुढे चुकीची भाषांतरे, मोडतोड आणि परदेशी प्रकाशकांचे व्यवहार समोर आले तसे ते बदलले. वर्धेजवळच्या सेवाग्राममध्ये मुक्काम असतानाच्या काळात, १९४० मध्ये, त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टला दिले. ट्रस्टने पुस्तके स्वस्तात विकण्यासाठी ते वापरले आणि २००८ अखेर मुदत संपली तेव्हा वाढवून मागितली नाही. हक्क नाकारणे, मग लोकहितासाठी हक्क घेणे आणि वेळ आल्यावर सोडून देणे, असा हा पूर्ण प्रवास आहे. श्यामकृष्ण बालगणेश यांनी यावर लिहिलेला दीर्घ इंग्रजी निबंध आणि इझाबेल हॉफमायर यांचे ‘गांधीज प्रिंटिंग प्रेस’ ही या विषयातली पायाभूत वाचने आहेत. कॉपीराइट हे साधन आहे, ते कुणाच्या हाती कशासाठी आहे यावर त्याचे मोल ठरते, हा गांधीजींच्या वागण्यातून निघणारा धडा गाण्यांनाही लागू पडतो.

शेजारीच दुसरी परंपरा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधीजींजवळ राहून गेले. त्यांची भजने विदर्भात गुरुदेव सेवा मंडळांनी गावोगाव नेली. कुणी परवाना मागितला नाही. पण शेवटच्या कडव्यातली ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा मात्र कुणी गाळली नाही. अभंगकारांपासून शाहिरांपर्यंत आणि वामनदादा कर्डकांच्या गीतांपर्यंत हाच रिवाज दिसतो : गाणे सर्वांनी गावे, नाव कर्त्याचे राहावे. आजच्या कायद्याच्या कलम ५७ मध्ये लेखकाचा जो विशेष हक्क आहे, त्याचा गाभा हाच. आपल्या लोकपरंपरेने वाटप मोकळे ठेवले आणि श्रेय पक्के केले. कंपन्यांच्या व्यवस्थेत नेमके उलटे झाले : वाटपावर पहारा आणि गीतकाराचे नाव कव्हरच्या कोपऱ्यात. मेमरी कार्डाच्या जमान्यात तर फाइलच्या नावात गीतकार उरलाच नाही. कायद्याने तुकडोजी महाराजांच्या रचनांचा हक्क, ते १९६८ मध्ये गेले असल्याने, २०२८ अखेर संपतो. त्यानंतर श्रेय राखायचे कसे, हा प्रश्न विदर्भातल्या भजनी मंडळांसमोर लवकरच येणार आहे.

नव्या वाचकाला दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांवर विसंबू नका. निकालपत्र मुळातून वाचा. मायस्पेसचे दोन निकाल, २०१६ चा मुंबईचा आदेश आणि २०२४ चा गोव्याचा निकाल एवढे चार वाचले तरी या क्षेत्राची भाषा तोंडात बसते. इंग्रजी जड वाटली तर सुरुवात कायद्याच्या कलम ५१ आणि ५२ पासून करा. सोबत लॉरेन्स लिआंग आणि रवी सुंदरम यांचे भारतातील पायरसीवरचे लेखन घ्या. दुसरी सूचना, ग्रंथालयातून उठा आणि बाजारात जा. न्यायालयाच्या कागदांत वादी कंपनी दिसते, प्रतिवादी संकेतस्थळ दिसते. गाणे भरून घेणारी कॉलेजची मुलगी, ते भरून देणारा दुकानदार, कॅसेटच्या जमान्यातला जत्रेतला विक्रेता यांचा मागमूस नसतो. हिंगणघाटच्या दुकानात कोणत्या भाषेतली गाणी सर्वाधिक खपत, भीमगीतांचे फोल्डर कोण तयार करी, स्थानिक गायकाचे गाणे कार्डातून फिरल्यावर त्याला कार्यक्रम जास्त मिळाले की कमी, याची उत्तरे कुठल्याच निकालपत्रात नाहीत. मुलाखती घेताना नावे मात्र लिहू नका. गुन्हा दखलपात्र आहे, आणि ज्याने विश्वासाने सांगितले त्याला आपल्या प्रबंधाने अडचणीत आणणे हे संशोधन नव्हे.

या क्षेत्रात यायला कायद्याची पदवी लागत नाही. संगीताचा विद्यार्थी चाल आणि आवृत्ती यांतला फरक वकिलापेक्षा चांगला ओळखतो, आणि वाणिज्यचा विद्यार्थी नफा-नुकसानीचा हिशेब. वर्धेच्या आणि आसपासच्या महाविद्यालयांतून अशा मुलामुलींनी यावे, हीच इच्छा आहे. उशीर मात्र करू नका. ती दुकाने आता मोबाइलचे कव्हर आणि चार्जर विकतात, त्यांच्या जुन्या हार्ड डिस्क भंगारात निघाल्या आहेत, आणि एका पिढीने काय ऐकले याची दुसरी नोंद कुठेही ठेवलेली नाही.